दोन्ही लागतील

अमेरिकेतल्या आयडाहोच्या घाटाखालच्या पेट्रोल पंपावर म्हाताऱ्या हार्लनची पिकअप बघून लाकडं पोचवून परतणाऱ्या रॉस्कोला राहवलं नाही. मागच्या हौद्यात आडवाटेनं जाणारी छोटी चारचाकी एटीव्ही चढवलेली, गाडीमागे चाकांवरचं घर म्हणजे कॅम्पर जोडलेला. वजनानं गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलं होतं.

"काका, ही हौस जिवावर बेतेल," तो म्हणाला. "उतारावर कॅम्पर हेलकावे खायला लागला की ब्रेकसुद्धा ऐकत नाहीत. काकूंचा तरी विचार करा! दोन्हीतलं एक इथंच ठेवा."

पुढच्या सीटवरची म्हातारी नुसती डोंगराकडे बघत राहिली.

"दोन्ही लागतील, बाबा," टाकीचं झाकण लावत हार्लन म्हणाला. "आमचा पोरगा नोव्हेंबरात शिकारीला गेला, तो बर्फात वरच राहिला. आता कुठं बर्फ वितळलंय. मी शोधत फिरेन तोवर हिला थांबायला कॅम्पर हवा. आणि तो सापडला, की खाली आणायला एटीव्ही."

रॉस्कोनं आपल्या रिकाम्या पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं.

"एटीव्ही माझ्या गाडीत चढवू," तो म्हणाला. "मीही वर येतो. तुम्हाला एकट्याला तो उचलवणार नाही."