खोटं आजारपण

संपाला कायद्याने बंदी, म्हणून विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेतल्या जवळजवळ सगळ्या शिक्षकांनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकली. आरोग्यविम्यापायी होणारी पगारकपात दुप्पट झाली होती. संघटनेची मार्लिस फाटकापाशी बर्फात फलक धरून उभी होती, तेवढ्यात तिच्या शेजारच्या वर्गाची डोरीन मान खाली घालून आत निघालेली तिला दिसली.

"दर शुक्रवारी बहिणीकडे पळायला रजा काढतेस," मार्लिस कडाडली, "आणि आज आमच्यासाठी एक दिवस आजारी पडवत नाही होय गं? फितूर कुठली."

डोरीनने लोकरीची टोपी कानांवर आणखी ओढली.

"बहिणीकडे नव्हते गं जात, केमोला जायचे. खऱ्या आजारपणात सगळ्या रजा संपल्या. खोटं आजारी पडायला आता एकही उरली नाही."