हरेल त्याची रजा

जिंकला तर निनादची आठवडाभराची रजा वाचणार होती. त्याच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घरी कोणी थांबायचं, यावर त्याच्यात आणि बायको केतकीत पैज लागली होती. निरनिराळ्या व्हिडिओ गेम्समधले वीर ज्यात एकत्र येऊन लढतात, त्या गेममध्ये हरेल त्याने रजा टाकायची.

निनादने आपला गडी गुपचूप कॉम्प्युटरच्या हवाली केला, तोही सर्वांत अवघड पातळीवर, आणि कंट्रोलरची बटणं उगाच बडवत राहिला. केतकी हरली.

ऑपरेशननंतर सासूच्या डोळ्यांत थेंब घालताना ती हसली. "आई, तुमच्या लेकाच्या गड्याच्या डोक्यावर ठळक 'कॉम्प्युटर' लिहिलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"घरी थांबणं इतकं टाळणारा माणूस वेळेवर थेंब घालेल का?"

दारात ऑफिसातून आलेला निनाद चपला काढता काढता थांबला.

"ये रे," आई म्हणाली. "दमला असशील."

त्याची रजा शिल्लक होती. लेक आपल्याला टाळतो हे ऐकून तिची किंमत आईने मोजली होती.