हार्म सुताराचा ऑर्गन

ऑर्गनच्या हवेच्या पेटीवरचं जुनं चामडं सोलता सोलता दुरुस्तीला आलेल्या राइन्डरचा हात थांबला.

"बाई, जरा वर या."

हिल्के बूर्मा गुडघ्यांना शिव्या देत शिडी चढली. चाळीस वर्षं ती या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती. ऑर्गनच्या दर्शनी पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं ग्रोनिंगन शहरातल्या उस्ताद फान एस्टरिंगचं. बूर्मांच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच हट्ट, की हा ऑर्गन आमच्या हार्म सुताराने घडवला. गाव त्यावर पोट धरून हसायचं. हिल्केच्या वडिलांना तर लोक तोंडावर 'काय उस्ताद!' म्हणायचे. बिचारे ते ऐकतच गेले.

राइन्डरने दिवा जवळ धरला. चामड्याखालच्या ओकच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सगळं काम मी केलं. उस्ताद दोनदा आला, जेवून गेला. हार्म बूर्मा, १७९४.'

हिल्केला रडू फुटलं. रडता रडता ती हसलीही. "आज बाबा हवे होते रे! बोलव त्या चर्चच्या पंचांना. एकेकाला वाचू दे."

राइन्डर जागचा हलला नाही.

"आणि त्याच्या खाली काय लिहिलंय?" हिल्केने विचारलं.

"काही नाही. दुरुस्ती करणाऱ्यांच्या सह्या. पेटी बंद करण्याआधी आम्ही सगळेच करतो. रीत आहे."

"वाच."

एक १८६८ ची होती, एक १९११ ची. तिसरी १९५७ ची, डेर्क मुल्डर.

डेर्क म्हणजे राइन्डरचा सख्खा काका आणि गुरूही. त्या वर्षी तो तीन आठवडे बूर्मांकडेच जेवायला होता. बारा वर्षांच्या हिल्केने त्याला वाटाण्याचं सूप वाढलं होतं. "आमच्या हार्मचं नाव कुठे दिसलं का हो?" बाबांनी विचारलं होतं. सूप भुरकत तो म्हणाला होता, "छे!"

"काका वाईट नव्हते," राइन्डर पुटपुटला. "उस्तादाच्या नावावर सरकार ऑर्गन जपतं, बाई. सुताराच्या नावावर कोण जपणार? तुमचा ऑर्गनच वाचवला त्यांनी."

"मग तुझ्या अहवालात काय येणार?"

तो नवं चामडं मापू लागला.

हिल्केने त्याच्या कानामागची पेन्सिल काढून त्याच्या हातात ठेवली.

"कर सही, तुझ्या काकाच्या खाली," ती म्हणाली. "आणि नीट कर. पुढच्याला वाचता आली पाहिजे."