फुजैलचा आवाज

फुजैल आणि अदीब या दोस्तांनी नवीन पनवेलच्या एका खोलीत रॅपचा अल्बम केला होता. गाणी लिहायचा फुजैल, आवाजही त्याचाच. तो अपघातात गेला आणि अल्बम तसाच पडून राहिला. त्याची बहीण यूम्ना कित्येक वर्षं विनवत होती, "भाईच्या नावाने काढ, एवढंच." अदीब नुसता "बघू" म्हणायचा.

मग एका म्युझिक कंपनीला गाणी आवडली. अदीबने फुजैलचा आवाज पुसला आणि त्याच्याच ओळी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. अल्बमवर नावही एकट्याचं टाकलं.

दुपारी त्याने हेडफोन लावून गाणं ऐकलं. म्हणत होता फुजैल.

जुनी फाईल लागली असेल, असं वाटून त्याने पुन्हा रेकॉर्ड केलं. पुन्हा फुजैलच. तोच घोगरा आवाज, ओळ संपताना तोच श्वास. फक्त या वेळी तो रागाने म्हणत होता.

अदीबने घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला. तेवढ्यात यूम्नाचा फोन आला.

"हां, बोल यूम्ना."

 पलीकडून तिने दबक्या आवाजात विचारलं, "भाई?"

"अगं, मी अदीब."

"भाई, तुझा आवाज मी ओळखणार नाही का?" ती रडू लागली. "कुठे आहेस तू? आणि अदीब कुठाय?"

अदीबने ओरडायला तोंड उघडलं. जीभ हलली, पण त्याच्या मनाने नाही.

"तो आता बोलणार नाही," त्याच्या तोंडून शांतपणे निघालं.