शिट्टीपुरती शांतता

शिट्टी वाजली की कोसळलेल्या दरडीवरची सगळी यंत्रं थांबायची. जवान, पोलीस, अग्निशमनवाले श्वास रोखून मातीला कान लावायचे. खालून एखादी हाक येईल म्हणून.

चांगुणेचा लेक त्याच मातीखाली होता. "मावशी, तेवढा वेळ रडू नका," बचाव पथकाच्या साहेबांनी हात जोडून सांगितलं होतं. शिट्टी झाली की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

आज दुपार कलली तरी शिट्टी नाही. ती साहेबांपाशी गेली. "शिट्टी मारायची राहिली का हो?"

साहेबांनी टोपी काढली. "सगळ्या खात्यांच्या बैठकीत शोध थांबवायचं ठरलं, मावशी. आता नुसती माती हटवायची. आता रडलात तरी चालेल."

यंत्रं घरघरतच राहिली. चांगुणेने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मातीला कान लावला.