न वापरलेली फाईल

पडद्यावरचा आकडा एक्केचाळीसवर आला आणि दार न वाजवताच टायपिस्टकाकू आत आल्या. चष्मा कपाळावर, पाय अनवाणी. टेबलाखालचं पेडल पायाने दाबत त्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकत आणि टाईप करत. त्यासाठी चपला काढून ठेवायची सवय. तशाच उठून आल्या होत्या.

"जागावाले, माझी फाईल दिसत नाही रे."

हॉस्पिटलात त्याला सगळे जागावालेच म्हणत. सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर, आणि जागा संपत आली की तो एकेकाच्या मागे लागे. त्यावरून पडलेलं नाव.

"कुठली फाईल, काकू?"

"तिच्या आवाजाची. आमच्या खोलीच्या फोल्डरमध्ये होती."

ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. काकूंची मुलगी इथेच स्कॅन वाचणारी डॉक्टर होती. ती वरच्या मजल्यावर बसून बोलायची, आई खाली बसून टाईप करायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याने आठवड्यापूर्वी केलेली यादी काढली. फाईल तिच्यात होती. तीन वर्षांत वापर नाही. काल काढून टाकली.

"नोटीस लावली होती, काकू. चांगले पंधरा दिवस."

"वाचली ना मी. न वापरलेल्या फायली काढणार, असं होतं तीत. म्हटलं, आपल्याला काय त्याचं? मी तर रोज वापरते. जेवणाच्या सुट्टीत. परवासुद्धा ऐकली."

कोणती फाईल कधी उघडली याची नोंद सर्व्हर ठेवत असे. सर्व्हर फार रखडतो म्हणून बोंब झाली, तेव्हा त्यानेच ती नोंद बंद करून टाकली होती. तेव्हापासून फाईलमध्ये काही बदललं तरच ती वापरली, असं सर्व्हर धरून चाले. नुसती ऐकलेली फाईल त्याच्या लेखी पडूनच. यादी करताना हे त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

"चूक माझी आहे, काकू," तो म्हणाला आणि त्यांना सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग परत आण," एवढंच म्हणाल्या.

त्याने आधी काम थांबवलं. आकडा त्रेचाळीसवर उभा राहिला.

"काढलेल्या फाईलचं आधी नुसतं नाव जातं. आतलं सगळं जागा अडवून तसंच असतं. ती जागा सोडवायचं काम आता चालू होतं. त्रेचाळीस टक्के पुसून झालं. तुमची उरलेल्यात असेल तर मिळेल. शोधायला तीन-चार तास तरी हवेत."

"आमच्या वेळी कार्बन होता. वरचा कागद हरवला तरी खाली एक प्रत असायची." त्या स्टुलावर टेकल्या. "रिपोर्ट काय, तो आहेच कागदावर. पण तो संपला की ती म्हणायची, झालं, आई, आता जेवून घे. प्रत्येक वेळी. ते टाईप करायचं नसतं ना, म्हणून कुठे लिहिलेलंच नाही."

फोन वाजला. स्कॅनच्या खोलीतला तंत्रज्ञ इतका ओरडत होता की काकूंनाही ऐकू गेलं. "अहो जागावाले, झोपलात का? अपघाताची मुलगी आत घेतली आहे, डोक्याला मार आहे, आणि सर्व्हर भरला म्हणून चित्रंच उतरत नाहीत! तिला काय नंतर या म्हणू?"

त्याने फोनवर हात ठेवला.

काकू त्रेचाळीसच्या आकड्याकडे बघत होत्या.

"केवढी आहे, विचार."

त्याने विचारलं. "चौदा."

"चालू कर."

"काकू..."

"चालू कर म्हटलं ना. आई बाहेर बसली असेल तिची."

त्याने कळ दाबली. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. पलीकडून तंत्रज्ञ म्हणाला, "हां, आली चित्रं," आणि फोन ठेवला. काकू मात्र हलल्या नाहीत. आकडा शंभरवर जाईपर्यंत तशाच बसून राहिल्या, कुणाला पोचवायला आल्यासारख्या. मग पदराने चष्मा पुसला.

"म्हणजे शेवटी राहतं काय रे, तुझ्या त्या सर्व्हरवर?"

"रुग्णांचे रिपोर्ट. एकदा जमा झाले की त्यातलं एक अक्षर कुणाला पुसता येत नाही. मलासुद्धा."

"असं होय," म्हणून त्या खाली गेल्या.

तासाभराने मोकळ्या झालेल्या जागेत पहिला रिपोर्ट जमा झाला. त्याने तो उघडला. मुलगी, वय चौदा. मेंदूत मोठा रक्तस्राव. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल असं दिसत नाही. काकूंचं टाईपिंग नेहमीसारखंच, काना-मात्रा जिथल्या तिथे. त्याखाली एक ओळ रिकामी सोडलेली होती, आणि मग:

झालं, आई, आता जेवून घे.