पहिला घोट

“चौथ्या फेरीत पडायचं,” असं सट्टेवाल्या भाऊंनी बजावलं होतं. चौथी संपली तरी दिगंबर बॉक्सिंग रिंगमध्ये उभाच होता.

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकला. कोच घाडगे सरांनी बाटली थेट त्याच्या ओठांना लावली, तसं दिगंबरने तोंड बाजूला घेतलं. एका पोराला कुणीतरी पाण्यातून गुंगीचं औषध दिल्यापासून पहिला घोट सर स्वतः घ्यायचे. आजवर कधी चुकले नव्हते.

“सर, आधी तुम्ही.”

सरांनी पहिल्या रांगेत बसलेल्या भाऊंकडे पाहिलं. मग त्यांनी बाटली स्वतःच्या तोंडाकडे नेली.

दिगंबरने ग्लोव्हजच्या फटक्याने ती उडवली.

घंटा वाजली. त्याच्या तोंडात माउथगार्ड बसवताना सर कुजबुजले, “आता तरी पड रे बाबा. दोघं जिवंत घरी जाऊ.”